वाचकांचे प्रश्न : मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवासाचे अंतर आणि वेळ

मुलाबाळांकडे अमेरिकेला निघालेल्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. या वेळी आलेल्या पत्रांत मुंबई ते न्यूयॉर्क या एकाच मार्गाविषयीच्या शंका इतक्या होत्या की, हे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले.

प्रश्न : मुंबई ते न्यूयॉर्क हे विमानाचे अंतर मी तीन ठिकाणी पाहिले. एके ठिकाणी १२,५३०, दुसरीकडे ७,७८६ आणि तिसरीकडे ६,७६६ असे आकडे मिळाले. घरातल्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून विषुववृत्ताच्या प्रमाणाने गुणले, तर उत्तर १६,००० किलोमीटरच्याही वर जाते. यांपैकी खरे कोणते मानावे?
— निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : आपल्याला मिळालेले पहिले तिन्ही आकडे खरे आहेत आणि ते एकाच अंतराचे आहेत. १२,५३० हे किलोमीटर, ७,७८६ हे साधे मैल आणि ६,७६६ हे सागरी मैल आहेत. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक सागरी मैलांत हिशेब करतात; एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हे माप पृथ्वीच्या आकारातूनच आलेले आहे. पृथ्वीच्या केंद्रापाशी एका अंशाचा साठावा भाग एवढा कोन घेतला, तर पृष्ठभागावर त्याची जी लांबी होते, तो जवळजवळ एक सागरी मैल असतो.

आपण शिक्षक आहात, म्हणून हिशेबच मांडतो. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर व ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ अंश उत्तर अक्षांशावर व ७३.७८ अंश पश्चिम रेखांशावर आहे. दोन्ही रेखांशांतील फरक १४६.६५ अंश होतो. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करावा, तो ०.२१३ येतो. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांच्या गुणाकाराला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणावे. ते उत्तर उणे ०.५९९ येते. या दोहोंची बेरीज उणे ०.३८६ होते आणि ज्या कोनाचा कोसाइन एवढा असतो, तो कोन ११२.७ अंशांचा असतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून उत्तर सुमारे १२,५३० किलोमीटर. हा हिशेब पृथ्वी पूर्ण गोल मानून केलेला आहे. प्रत्यक्षात विषुववृत्तावरचा तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने मोठा असल्यामुळे काटेकोर गणितात काही किलोमीटरांचा फरक पडतो, पण प्रवाशाच्या दृष्टीने त्याला महत्त्व नाही. न्यू जर्सीतील एडिसनसारख्या गावी जाणाऱ्यांना नेवार्कचा विमानतळ सोयीचा पडतो. मुंबईपासूनचे त्याचे अंतर केनेडी विमानतळाच्या अंतरापेक्षा जेमतेम १५ किलोमीटरने जास्त आहे.

राहिला तो नकाशा. नकाशाकार गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये केलेल्या प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीवर, आधारलेला हा नकाशा जहाजांसाठी होता. त्यावर आखलेली सरळ रेषा म्हणजे होकायंत्राची एकच दिशा शेवटपर्यंत धरून जाण्याचा मार्ग. त्या कामासाठी तो उत्तम आहे, पण अंतर मोजण्यासाठी तो निरुपयोगी आहे, कारण विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे त्यावर सारे ताणले जाते आणि ६० अंशांवर प्रत्येक लांबी दुप्पट दिसू लागते. भारताहून लहान असलेला ग्रीनलँड त्यावर भारताच्या कितीतरी पट मोठा दिसतो, तो यामुळेच. आपल्या पट्टीखालची रेषा अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया आणि मोरोक्कोवरून अटलांटिक ओलांडते. त्या वाटेने खरोखर विमान नेले, तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. उरलेली वाढ ताणलेल्या नकाशाची. म्हणजे दिसायला सरळ असलेली ती वाट जवळच्या वाटेपेक्षा १,६०० किलोमीटरहून अधिक लांबीची आहे.

जवळची वाट पाहायची असेल, तर शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा आणि मुंबई व न्यूयॉर्क यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरावा. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल, तर दोऱ्याची लांबी साधारण साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. त्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोऱ्याकडे नीट पाहिले की लक्षात येते की, तो मुंबईहून पश्चिमेला न जाता बराचसा उत्तरेकडे निघतो. सौराष्ट्र आणि कच्छचे रण ओलांडून तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान असा चढत जातो, मॉस्को शहराच्या अगदी जवळून जातो, फिनलंड आणि स्वीडन यांमधला समुद्र ओलांडून नॉर्वेतील ट्रॉन्हेमच्या बाजूने बाहेर पडतो. आइसलँड आणि फेरो बेटे यांच्या मधोमध, ६४.७ अंश उत्तरेला, त्याचा सर्वांत वरचा बिंदू येतो. तेथून तो ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशेजारून कॅनडातील लॅब्राडोरमार्गे न्यूयॉर्कला उतरतो. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर जे वर्तुळ पडते, त्याला बृहद्वृत्त म्हणतात आणि दोन स्थळांमधले सर्वांत कमी अंतर नेहमी त्यावरच असते. प्रत्येक शाळेत भिंतीवरच्या नकाशाबरोबर एक पृथ्वीगोल मुलांच्या हाताला लागेल असा असलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील परिच्छेदाने कळत नाही, दोऱ्याने लगेच कळते.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग आपण पश्चिमेला जात असताना न्यूयॉर्क आपल्याकडे सरकत येत असणार आणि जाताना वेळ कमी लागायला हवा. प्रत्यक्षात मात्र जाताना सोळा तास आणि येताना चौदा तास लागतात. असे उलटे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तुझा प्रश्न फार चांगला आहे. मुंबईच्या धावपट्टीवर उभे असलेले विमान स्थिर दिसत असले, तरी त्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो आणि विमान, धावपट्टी व भोवतीची हवा ही सगळी त्याच वेगाने एकत्र जात असतात. विमान उडाले म्हणून हा वेग त्याच्या अंगातून निघून जात नाही. धावत्या आगगाडीत नाणे वर उडवले, तर ते मागच्या बाकावर न पडता आपल्याच हातात परत येते, तसेच हे आहे. विमान हवेतून उडते आणि हवा पृथ्वीबरोबर फिरते, म्हणून न्यूयॉर्क आपल्याकडे सरकत येत नाही.

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. दोन्ही गोलार्धांच्या मध्यम अक्षांशांत, साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद आणि अतिशय वेगवान पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानांतील तफावतीतून ते निर्माण होतात आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे त्यांना पूर्वेकडची दिशा मिळते. त्या अर्थाने तुझ्या प्रश्नात परिवलन आहेच, फक्त ते वाऱ्याच्या वाटेने येते. हिवाळ्यात तफावत वाढते, म्हणून प्रवाहही जोर धरतो आणि काही वेळा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. १९२०च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून या वाऱ्यांची नोंद केली होती, पण त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केल्यामुळे जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जपानवर जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हे वारे प्रत्यक्ष भोवले, तेव्हा त्यांचे महत्त्व सर्वांना कळले.

आता आकडे घालून पाहू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आणि प्रत्यक्ष मार्ग १३,२०० किलोमीटर धरू. संपूर्ण वाटेवर सरासरी ६० किलोमीटरचा वारा समोरून असेल, तर जमिनीच्या तुलनेत वेग ८४० उरतो आणि १५ तास ४३ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीमागून असेल, तर वेग ९६० होतो आणि १३ तास ४५ मिनिटांत विमान पोहोचते. जवळजवळ दोन तासांचा फरक येथेच पडला. यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : वारा नसता तर जाऊन-येऊन २९ तास २० मिनिटे लागली असती, वाऱ्यामुळे २९ तास २८ मिनिटे लागली. समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकून राहते, म्हणून येताना मिळालेला फायदा जातानाचे नुकसान पूर्णपणे भरून काढत नाही.

वाऱ्याची ताकद किती असते, याची दोन उदाहरणे देतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत न्यूयॉर्कहून लंडनला जाणारे एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत पोहोचले. त्याचा जमिनीच्या तुलनेतला वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. दुसरे उदाहरण आपल्या देशातले आहे आणि ते मला अधिक बोलके वाटते. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटरच्या वाटेने जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून, पूर्वेच्या दिशेने, सुमारे १५,३०० किलोमीटरच्या वाटेने नेण्यात आले. वाट १,४०० किलोमीटरने लांबली, तरी वारा पाठीशी आल्यामुळे साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी, विमान पोहोचले. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो हे शाळेतले सूत्र खरेच आहे, पण त्यातला वेग जमिनीवरचा धरायचा की हवेतला, हे आधी ठरवावे लागते.

प्रश्न : माझे यजमान कामानिमित्त अनेक वर्षे ये-जा करतात. काही वर्षांपूर्वी लागत असे त्यापेक्षा आता अधिक वेळ लागतो, असे ते म्हणतात. विमाने तर सुधारली. मग असे का?
— गृहिणी, ठाणे

उत्तर : त्यांचे निरीक्षण बरोबर आहे आणि त्याचे कारण जमिनीवरचे आहे. वर दोऱ्याने दाखवलेली वाट ज्या देशांवरून जाते, त्यांतील प्रत्येकाने आपली हवाई हद्द खुली ठेवली, तरच ती वापरता येते. फेब्रुवारी २०२२च्या अखेरीस युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यानंतर रशियाची हद्द अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाली. भारतीय कंपन्यांना ती बंद झाली नाही. त्यानंतर पहलगामच्या हल्ल्याच्या पार्श्वभूमीवर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, भारतानेही तसेच पाऊल उचलले आणि ही मुदत पुढे वेळोवेळी वाढवण्यात आली. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती हद्द बंद होती. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्राएल यांच्यातील संघर्षामुळे इराण व इराकवरची हद्दही काही काळ बंद झाली आणि वाटेत असलेल्या विमानांना माघारी फिरावे लागले.

पाकिस्तानची वाट बंद झाली की मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे जाते आणि तेथून युरोपवरून अटलांटिक गाठते. दिल्ली किंवा अमृतसरच्या मानाने मुंबईला या वळशाचा फटका कमी बसतो, कारण आपल्याकडे समुद्र दाराशीच आहे. तरीही काही शे किलोमीटर आणि त्यांबरोबर इंधन वाढतेच. अटलांटिकवरही मनाला येईल तसे उडता येत नाही. तेथील समांतर हवाई मार्ग कॅनडातील गँडर आणि स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथील नियंत्रण केंद्रे वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने आखतात. म्हणून सोमवारी आणि मंगळवारी त्याच क्रमांकाच्या विमानाने कापलेले अंतरही सारखे नसते. आपल्या यजमानांना प्रवासाचा वेळ आधी जाणून घ्यायचा असेल, तर त्याच विमानाला मागच्या आठवड्यात प्रत्यक्ष किती वेळ लागला ते पाहावे. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ती माहिती अधिक विश्वासार्ह असते.

प्रश्न : मध्ये थांबा घेतला तर अंतर किती वाढते?
— वाचक, मडगाव

उत्तर : फारच थोडे. मुंबई–लंडन सुमारे ७,२१० आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४० मिळून १२,७५० किलोमीटर होतात. थेट अंतरापेक्षा २२० जास्त. दुबईमार्गे सुमारे १२,९३०. वाढते ती वेळ, आणि ती विमानतळावर बसून राहण्याची असते. एअर इंडियाने १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ विमानाने न्यूयॉर्क गाठले, तेही लंडनमार्गेच. न थांबता जाणारे विमान मुंबईकरांना २००७च्या ऑगस्टमध्ये मिळाले. गुडघेदुखी असलेल्यांना सलग सोळा तास बसणे अवघड वाटत असेल, तर थांब्याचे विमान घेण्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : आम्ही उभयता डिसेंबरात मुलीकडे न्यू जर्सीला जात आहोत. जातानाच्या तिकिटावर मंगळवारी रात्री १.३० ला मुंबईहून निघून त्याच तारखेला सकाळी ७.१५ ला पोहोचणार असे आहे, म्हणजे पावणेसहा तास. येतानाच्या तिकिटावर सोमवारी सकाळी ११.३० ला निघून मंगळवारी दुपारी १२.१५ ला मुंबई, म्हणजे पावणेपंचवीस तास. यांना दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते, म्हणून काळजी वाटते.
— ज्येष्ठ नागरिक, सांगली

उत्तर : काळजी करू नये, पण ही गोष्ट निघण्यापूर्वी अवश्य समजून घ्यावी. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ते साडेनऊ तास मागे असते, कारण त्या काळात तेथील घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. आपण डिसेंबरात जात आहात, म्हणून जातानाच्या पावणेसहा तासांत साडेदहा मिळवावेत. खरा प्रवास १६ तास १५ मिनिटांचा होतो. येतानाच्या पावणेपंचविसांतून साडेदहा वजा करावेत. १४ तास १५ मिनिटे उरतात. या वेळेत विमान फाटकापासून हलल्यापासून दुसऱ्या फाटकाशी थांबेपर्यंतचे सारे येते, म्हणून ती निव्वळ उड्डाणापेक्षा थोडी जास्त असते. ताळा पाहायचा असेल, तर दोन्ही तिकिटांवरच्या घड्याळी वेळांची बेरीज करावी : ती साडेतीस तास येते आणि खऱ्या वेळांची बेरीजही तेवढीच येते. मुक्कामाच्या मध्येच तेथील घड्याळे बदलली, तरच त्यात एक तासाचा फरक पडतो.

आपल्या जाण्याच्या प्रवासात खिडकीबाहेर पाहून वेळेचा अंदाज घेऊ नये. साठ अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे ८३५ किलोमीटर वेगाने फिरतो आणि पश्चिमेला निघालेले विमान जवळजवळ तेवढ्याच वेगाने उलट दिशेला जात असते. त्यामुळे रात्र विमानाबरोबर चालत राहते. मुंबईत संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळलेला सूर्य आपल्याला न्यूयॉर्कला उतरताना उगवताना दिसेल, म्हणजे मधे जवळजवळ पावणेचोवीस तास गेलेले असतील आणि तो सगळा काळ बाहेर अंधारच असेल. भूक आणि झोप यांचा गोंधळ होतो तो यामुळे, आणि औषधाची वेळ चुकण्याचा धोकाही येथेच असतो.

म्हणून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जाताना तिकिटाबरोबर एक कागदही न्यावा. त्यावर मुंबईच्याच घड्याळाप्रमाणे सलग तास लिहावेत : शेवटचे इन्सुलिन किती वाजता, विमान किती वाजता, उतरणे संध्याकाळी पावणेसहाला. दोन मात्रांमध्ये किती तास असावेत, मात्रा कमी-जास्त करायची का आणि न्यूयॉर्कच्या घड्याळावर कधी यायचे, हे डॉक्टरांनीच त्या कागदावर लिहून द्यावे. ते शेजाऱ्यांच्या अनुभवावरून ठरवू नये. प्रवासभर एक मनगटी घड्याळ मुंबईच्या वेळेवरच ठेवावे. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावे. ते सामानाच्या मोठ्या पेटीत टाकू नये, कारण विमानाच्या पोटात ते गोठण्याची शक्यता असते आणि पेटी मागे राहिली तर अडचण होते.

परतीच्या तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे अधिक एक असे लिहिलेले असेल. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशीची तारीख. जातानाही एक गोष्ट पाहावी : मंगळवारी रात्री १.३० म्हणजे सोमवारची रात्र उलटल्यावरचे दीड. सांगलीहून मुंबईला येणारी गाडी त्या हिशेबाने सोमवारी सकाळी निघेल अशी ठरवावी, आणि परतताना घ्यायला येणाऱ्यांना मंगळवारी दुपारची वेळ सांगावी.